पाया पडताना तळवा बघा

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात पाचव्या दिवशी हरिपाठानंतर केलेलं बोलणं. नातवानं लिहून घेतलं, मी वाचून दोन-चार जागी दुरुस्त केलं.)



शताब्दीच्या मंडळींनी मला दिंडीच्या जुन्या आठवणी सांगायला उभं केलंय. बैलगाडीत शिधा, पावसात भिजलेल्या चुली, नीरेच्या काठी हरवलेली आणि वाखरीला सापडलेली माणसं, हे सगळं सांगणारे माझ्याहून जाणते इथं बसलेत. त्यांचं ऐका. मला आज वेगळंच सांगायचंय. हे कीर्तन नव्हे. मागं टाळकरी उभे नाहीत, गळ्यात वीणा नाही. चौथी शिकलेल्या माणसानं डॉक्टरकीवर तोंड उघडू नये हे मलाही कळतं. पण एक शब्द माझ्या तोंडून चुकीचा गेलाय, आणि तो तुमच्यासमोर गेला होता, म्हणून तुमच्यासमोरच परत घेतो.

आपले मृदंगावरचे तात्या सगळ्यांना ठाऊक आहेत. नाव सांगायची गरज नाही, इथल्या निम्म्या पोरांच्या हाताला वळण त्यांनीच लावलं. तात्यांचं बायपास झालं होतं. छाती उभी चिरून ऑपरेशन. तरी पुढच्या आषाढीला मृदंग गळ्यात अडकवून माणूस आळंदीला हजर. आम्ही म्हटलं, तात्या, औंदा ट्रकमध्ये बसा. म्हणाले, "ट्रकमध्ये बसायचं तर पंढरीला एसटी जातीच की."

त्यानंतर वर्षभरानं माझी पाळी आली. शेतीची लाईट रात्रीची. उसात दारं धरत होतो, पहाटे तीनचा सुमार. छातीवर कुणी पोतं ठेवावं तसं झालं, डावा हात भरून आला. थोरल्यानं जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक नळी बंद सापडली, ती फुगवून रिंग बसवली. आमच्याकडं रिंग म्हणतात, डॉक्टर स्टेंट म्हणतात. चौथ्या दिवशी घरी. दवाखान्यात विचारलं होतं, "बाबा, शुगर आहे का?" मी काही बोलायच्या आत आमच्या मंडळी म्हणाल्या, "छे, त्यांना कसली शुगर! सडसडीत आहेत." डॉक्टरांनी लिहिलं, नाही.

ते "नाही" कुठून आलं? कधी तपासली होती का? जन्मात नाही. पण आपल्याकडं न तपासलेलं म्हणजे नसलेलं. विहिरीत पाणी किती हे न बघता ऊस लावतो ना आपण, तसंच.

असो. मी बरा झालो आणि अंगात रग आली. मला वाटलं, गाडी इंजिन बदलून आली, आता काय भ्या. पुढच्या वारीत नातेपुत्याच्या मुक्कामी कीर्तन माझ्याकडं होतं. रंगात आलो. आणि बोलून गेलो. काय बोललो ते जसंच्या तसं सांगतो, झाकत नाही. म्हणालो, "डॉक्टर जितका बघाल तितकं दुखणं निघतं. ज्याचा धनी पंढरीत उभा आहे त्यानं बाटल्या भरभरून रक्त कशाला द्यायचं? आज साखर निघंल, उद्या मीठ निघंल!" मंडप हसला. टाळ्या पडल्या. कीर्तनकाराला टाळी म्हणजे काय असते हे कीर्तनकारालाच ठाऊक. तात्या माझ्या उजव्या अंगाला मृदंगावर होते, तेही हसले. एक चांगली थाप मारली त्यांनी मृदंगावर.

पुढच्या सालची गोष्ट. दिवे घाट चढलो, जेजुरी झाली, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, फलटण मागं पडलं. वेळापूरच्या मुक्कामाला पायांना तेल लावायला, फोड धुवायला पोरं येतात ना, तसली एक डॉक्टरकीच्या पोरापोरींची तुकडी आली होती. एका पोरीनं तात्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि ती गप्पच झाली. अंगठ्याच्या खाली तळव्यात भोक होतं. त्यात खडीचा बारका दगड रुतून बसलेला. भोवतीचं मांस पांढरं पडलेलं, वास सुटलेला. ती म्हणाली, "आजोबा, हे दुखत नाही का तुम्हाला?" तात्या म्हणाले, "काय दुखायचंय? चपलेत खडा असल असं वाटलं हुतं दोन दिस." दोन दिवस तो दगड पायात घेऊन माणूस चालला होता, आणि आम्ही म्हणत होतो, वारकरी असावा तर असा.

बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर बघितली. तीनशे ऐंशी. पोरगी म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तात्या म्हणाले, तीन मुक्काम राहिलेत, दर्शन झालं की येतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "तात्यांची इच्छा आहे तर राहू द्या." हा माझा दुसरा शब्द.

पंढरपुरातून थेट दवाखाना. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा पाय पांढऱ्या पट्टीत, चेहरा हसराच. बोलता बोलता म्हणाले, "बुवा, एक गंमत सांगू का? नातेपुत्याला तुम्ही साखर-मिठाचं बोलला ना, त्या दिशी माझ्या बंडीच्या खिशात चिठ्ठी हुती. बायपासवाल्यानं लिहून दिलेली, साखरेची तीन महिन्यांची तपासणी करा म्हणून. गावात गेल्यावर करू म्हणत हुतो. तुमचं ऐकलं आन् म्हटलं, बुवा म्हंत्यात ते खरं हाय. चंद्रभागेत सोडली चिठ्ठी."

रागानं नाही सांगितलं त्यांनी. खरंच गंमत म्हणून सांगितलं. मी तिथून उठलो ते बाहेर येऊन जिन्यावर बसलो. बराच वेळ बसलो.

घरी येऊन नातवाला म्हटलं, माझी फाईल काढ. कॉलेजात शिकतो तो. दवाखान्याचा सोडतानाचा कागद इंग्रजीत, तीन पानी. आम्ही त्यातली बिलाची रक्कम तेवढी वाचली होती. नातू शेवटच्या पानावर खाली बोट ठेवून म्हणाला, "आबा, इथं लिहिलंय, दाखल असताना साखर एकशे नव्वद होती, घरी गेल्यावर पुन्हा तपासून घ्या." दोन वर्षं तो कागद आमच्या पत्र्याच्या पेटीत होता. दवाखान्याला दोष द्यायचा तर एवढाच, की आडाण्याला इंग्रजी कागद दिला आणि तोंडी कुणी सांगितलं नाही. कदाचित सांगितलंही असेल. त्या वेळी आमचं ध्यान घरी कधी सोडणार याच्यावर.

मग तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी मला ओरडलं नाही, समोर बसवलं आणि एक ताससुद्धा घेतला असेल माझ्यासाठी. त्यांचं बोलणं मी माझ्या भाषेत सांगतो, कारण मला ते शेतातूनच समजलं.

आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं. ठिबक टाकलं की चार-सहा महिन्यांनी ड्रिपर तुंबायला लागतात. एक ड्रिपर अगदीच बंद पडला की आपण सुईनं टोचून मोकळा करतो. झाडाला पाणी सुरू. पण पाणी तेच, क्षार तोच. आज हा मोकळा केला, महिन्यानं पलीकडचा बंद. शहाणा शेतकरी काय करतो? पाणी तपासून आणतो, आणि सबंध लाईनला ॲसिड सोडतो. माझ्या हृदयाची रिंग म्हणजे एक टोचलेला ड्रिपर. रक्तातली जास्तीची साखर हा क्षार. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की नळीचं आतलं अस्तर खराब होतं, तिथं चरबी धरते, नळी अरुंद होते. ती नळी हृदयाची असेल, मूत्रपिंडाची असेल, डोळ्यामागची असेल, पायाची असेल. म्हणजे झटका आला तेव्हा दुखणं सुरू झालं असं नाही. ते कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असतं. झटका हा त्याचा पहिला आवाज.

म्हणून डॉक्टर म्हणाले, "ज्याला हृदयाचा त्रास निघाला, त्याची साखर बघितलीच पाहिजे. आणि नुसती उपाशीपोटीची बघून भागत नाही." स्वीडन म्हणून एक थंड देश आहे. तिथं झटका येऊन दवाखान्यात आलेली एकशे एक्क्याऐंशी माणसं घेतली, ज्यांना मधुमेह आहे असं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजून तपासलं. तर दर तिघांत जवळपास एकाला मधुमेह निघाला, आणि आणखी एक बांधावर उभा. तिघांत एकच काय तो कोरा. हे २००२ साली छापून आलं. आणि ती माणसं आपल्यासारखी नाहीत. आपली तर पोटं सुटलेली, हातपाय बारीक. आपल्या देशातच २०२३ साली छापलेल्या मोठ्या पाहणीत मधुमेहाची दहा कोटींवर माणसं धरली आहेत, आणि बांधावरची तेरा कोटींवर. आता या मंडपात किती आहेत ते तुम्हीच बघा इकडंतिकडं.

माझं काय निघालं? उपाशीपोटी एकशे बारा. शंभराच्या आत पाहिजे, एकशे सव्वीसला मधुमेह म्हणतात. म्हणजे मी मधे. एवढंच बघितलं असतं तर "थोडी जास्त आहे, गोड कमी करा" म्हणून घरी आलो असतो. पण त्यांनी पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. दोनशे सव्वीस. दोनशेच्या पुढं गेलं की मधुमेहच. शिवाय ती तीन महिन्यांची तपासणी, एचबीएवनसी म्हणतात, ती आली सात पूर्णांक एक. साडेसहाला मधुमेह धरतात, पाच पूर्णांक सातपासून बांध लागतो. ही तपासणी मला फार आवडली. कारण हिला फसवता येत नाही. आपण काय करतो, उद्या तपासायचं म्हणून आज रात्री जेवत नाही, चहा बिनसाखरेचा घेतो, आणि रिपोर्ट चांगला आला की पेढे वाटतो. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब काढते. एक मात्र त्यांनी बजावलं. अंगात रक्त कमी असलं तर तिचा आकडा चुकू शकतो, आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणाऱ्या पुष्कळ. तेव्हा त्यांची ग्लुकोज पिऊनचीही बघावी.

मी विचारलं, "डॉक्टर, रिंग टाकली तेव्हाच कळलं असतं तर काय फरक पडला असता?" ते म्हणाले, बराच. दोन-तीन नळ्या बंद असल्या तर रिंग टाकायची का बायपास करायचं, हे ठरवतानासुद्धा साखर आहे का नाही हे धरतात. साखरेच्या काही गोळ्या अशा आहेत की त्या हृदयालाही सांभाळतात. पण साखर आहे हेच ठाऊक नसेल तर त्या लिहिणार कोण? आणि साखरवाल्याची रिंग पुन्हा तुंबायचा धोका जास्त, म्हणून त्याच्यावर लक्ष जास्त ठेवावं लागतं. मी दोन वर्षं चहात तीन चमचे टाकून रिंग सांभाळत होतो.

आता तात्यांचं पुरं सांगतो. पाय बरा झाला. गोळ्या चालू, इंजेक्शन चालू. मृदंग बसून वाजवायचे. दोन हिवाळे गेले. एका रात्री त्यांना घाम सुटला, दोनदा उलटी झाली, दम लागल्यासारखं वाटायला लागलं. छातीत कळ नाही. एकदाही हात छातीकडं गेला नाही. घरच्यांना वाटलं पित्त आहे, संध्याकाळी भजी खाल्ली होती. सोडा दिला, पाठ चोळली. पहाटे काकड्याच्या वेळेला गेले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या साखरेनं शिरा बधिर होतात. ज्या बधिरपणानं पायातला दगड कळला नाही, त्याच बधिरपणानं छातीतली कळ कळली नाही. म्हणून साखरवाल्याला अकारण घाम, दम, उलटी, एकाएकी गळून जाणं, जबड्याला पाठीला जड वाटणं, यातलं काही झालं तर पित्त म्हणून सोडा पाजू नका. गाडी काढा.

तात्यांच्या वर्षश्राद्धाला मी कीर्तन केलं. पण तेव्हा हे बोलायची हिंमत झाली नाही. आज केली.

कुणी म्हणेल, बुवा, संतांनी तर देह नाशिवंत सांगितला. सांगितला. पण ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा, तिथं माउली आहार मापात, झोप मापात, चालणं-बोलणं मापात ठेवायला सांगतात. नाशिवंत आहे म्हणून उकिरड्यावर टाका असं कुठं सांगितलेलं नाही. आपण वारी कशानं करतो? पायानं. नाव कशानं घेतो? जिभेनं. भाड्याचं घर असलं तरी पत्रा गळायला लागला की माणूस वर चढतोच की.

आता वारीचं. वारीत आपण चालतो, म्हणजे सगळं पचतं, असा आपला समज. मागच्या वारीत मी एका दिवसाचे चहा मोजले. पुणे-सासवडच्या वाटेवर अकरा. भक्तिभावानं देतात हो लोक, नाही कसं म्हणायचं. अकरा चहात साखर किती गेली ते घरच्या बाईला विचारा. त्यावर केळी, त्यावर बुंदी. आणि एकादशी! आपण उपवास म्हणतो आणि साबुदाणा, बटाटा, भगर, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, सगळं एका ताटात. साखरेच्या दृष्टीनं रोजच्या भाकरीपेक्षा ते जड. गूळ चालतो असं म्हणणारेही आहेत. मी ऊस पिकवणारा माणूस आहे, गूळ आणि साखर दोन्ही एकाच उसाची लेकरं, मी साक्षीला उभा राहतो. कारल्याचा रस प्या, कडुनिंब खा, नाही म्हणत नाही, पण त्यासाठी गोळी सोडू नका. "एकदा लागली की सुटत नाही" म्हणून गोळीला भिता, चष्म्याला भिता का?

उलट बाजूही आहे. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत, इन्शुलिन चालू आहे, त्यांनी गोळी घ्यायची, उपवास धरायचा आणि वीस किलोमीटर चालायचं, हेही जिवावरचं. आमच्या दिंडीत एका गृहस्थाला बरडच्या पुढं घाम फुटला, हात थरथरायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागला, डोळे अर्धे मिटलेले. आम्हाला वाटलं भाव दाटला. दोघं-तिघं त्याच्या पाया पडले. मी पण पडलो असतो. टँकरचा ड्रायव्हर शहाणा, त्याची आई साखरवाली. तो धावत आला आणि तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर. त्याची साखर उतरली होती. शुद्धीवर असेल तोवरच पाजायचं बरं का, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, श्वासात जातं. आणि निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारायचं, चालण्याचे दिवस आणि एकादशी सांगायची. गोळ्यांचं माप ते बदलून देतात. इन्शुलिनची बाटली उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये ठेवायची नाही, ओल्या मडक्यात ठेवा.

आता दिंडीत आम्ही काय करतो ते सांगतो. वहीत दोन रकाने वाढवले. भिशी भरताना विचारतो, हृदयाचं काही झालंय का, आणि झालं असेल तर साखर कधी तपासली. "नाही" म्हटलेलं चालत नाही, कागद दाखवायचा. पहिल्या साली लोक चिडले. एक जण म्हणाला, वारीला आलोय का भरतीला? पण त्याच साली रिंगवाल्या, बायपासवाल्या मंडळींत काहींची साखर पहिल्यांदा निघाली. त्यात तो चिडलेलाही होता. आता दर साली सर्वात आधी तोच कागद आणतो.

दुसरं. आपण रोज एकमेकांच्या पाया पडतो. लहान मोठा, बाई पुरुष, काही बघत नाही, ती आपली रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे. मी एवढंच म्हणतो, संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर पाया पडताना तळवा बघा. ज्याला साखर आहे त्याला स्वतःचा तळवा वाकून दिसत नाही आणि लागलेलं कळत नाही. दुसऱ्यानंच बघायचं. भेग, फोड, लालसरपणा, रुतलेला काटा, बोटांच्या बेचक्यात ओल. आम्ही जोड्या लावल्यात. माझा पाय सोपानकाकांच्या पालखीतून आलेला एक तरुण पोरगा बघायचा मागच्या साली, त्याचा मी बघायचो. लाजतात आधी, मग सवय होते. आणि साखरवाल्यानं अनवाणी चालायचा नेम धरायचा नाही. तापलेल्या डांबरावर कातडं भाजलं तरी त्याला कळत नाही. चप्पल घातली म्हणून विठोबा तोंड फिरवत नाही. नेम धरायचाच असेल तर गोळी न चुकवण्याचा धरा.

खर्चाचं म्हणाल, तर आपल्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब तपासतात, आशाताई घरोघर फिरून नावं घेतात. त्यांना "परवा या" म्हणून परत पाठवू नका. आणि एकदा चांगली आली म्हणजे जन्माचा दाखला मिळाला असं नाही. हृदयाच्या माणसानं वर्षाला एकदा बघावी.

उद्याचं सांगतो आणि बसतो. उद्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात तालुक्याचे डॉक्टर येणार आहेत. काकडा झाला की सरळ तिकडं या, रात्री नऊनंतर काही खाऊ नका, सकाळचा चहा नाही, पाणी चालतं. ज्यांची रिंग झाली, बायपास झालं, झटका येऊन गेला, ते रांगेत पुढं. जुनी फाईल पेटीतून काढून आणा, इंग्रजी असली तरी आणा, माझा नातू आणि त्याचे मित्र वाचून दाखवायला बसतील. आधीपासून साखर ठाऊक असलेल्यांनी ग्लुकोजचं पाणी प्यायचं नाही, त्यांची वेगळी रांग. बाकीच्यांनी पिऊन दोन तास एका जागी बसायचं, शेताकडं चक्कर मारायची नाही, तंबाखू नाही, बिडी नाही. दोन तास कसे काढायचे म्हणाल, तर मी वीणा घेऊन येतो. मृदंगाला तात्यांचा धाकटा आहे. त्यालाही सांगून ठेवलंय, आधी रक्त द्यायचं, मग मृदंगाला शाई-कणीक.

रामकृष्णहरी.